झूम एच१एन: अडखळणाऱ्या आवाजासाठी घेतलेला रेकॉर्डर

झूम कंपनीचा एच१एन हा छोटा रेकॉर्डर २०१८ साली बाजारात आला. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण गाणारे-वाजवणारे, नाहीतर पॉडकास्टवाले. मी त्यातला नाही. मी इचलकरंजीचा, यंत्रमागवाल्याच्या घरातला. पोटापाण्याला सूतगिरणीत हिशेब बघतो आणि सवडीनं स्वतःवर एक फिल्म करतोय. विषय माझा तोतरेपणा. चित्र हातातल्या फोनवर घेतो, आवाज या रेकॉर्डरवर. ज्यांना थोडक्या पैशात स्वतःबद्दल, घराबद्दल, आजवर घरात कुणी उघडपणे न बोललेल्या गोष्टींबद्दल काही करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिले पैसे कशावर घालायचे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर पक्कं आहे: आवाजावर. फोनचा कॅमेरा आहे तो पुरतो.

मी हा वापरलेला घेतला, साडेचार हजारांना, पुण्यात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाकडून. नवा घ्यायचा तर तेव्हा याच्या दुपटीच्या आसपास मोजावे लागत होते. बॅटरीशिवाय वजन ६० ग्रॅम, शर्टाच्या खिशात सहज राहतो. टीव्हीच्या रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल घालायचे. कंपनी त्यावर दहा तास चालेल म्हणते, आणि चांगले अल्कलाइन सेल घातले तर मला त्याच्या जवळपास मिळतात. मायक्रो एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालतं. पण ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट या दर्जावर तासाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे एका कार्डात तीसेक तास मावतात. घरच्या माणसांना बोलतं करायला तेवढे पुष्कळ झाले.

डोक्यावर दोन माइक, एकमेकांशी काटकोनात. समोर लहान काळा-पांढरा पडदा, आणि त्याच्या वर, बोटानं फिरवायचं एक चक्र, १ ते १० आकडे असलेलं. आवाजाची पातळी त्यानं कमी-जास्त करायची. मी हे यंत्र त्या चक्रासाठी घेतलं. का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

तोतरं बोलणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर 'प-प-पाणी' येतं. तो एक प्रकार. दुसरा, पहिलाच आवाज लांबत जातो. तिसरा, जो माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आला, तो म्हणजे ब्लॉक. शब्द तयार असतो, ओठ त्या अक्षरावर येऊन टेकलेले असतात, छातीत हवा भरलेली असते, आणि गळ्यातून काहीच निघत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी आठवतोय, किंवा याला उत्तर येत नाही. शाळेत हजेरीच्या वेळी मी हजर असूनही गैरहजर लागायचो ते यामुळे. लहान मुलांत शंभरातली साधारण पाच कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं सुटतं. मोठेपणी शंभरात एकाचं उरतं. मी त्या एकातला.

आता फोन काय करतो ते बघा. फोनमधलं रेकॉर्डिंग आवाजाची पातळी स्वतःच सांभाळतं. हळू बोललं की वाढवतं, मोठ्यानं बोललं की कमी करतं. सरळ बोलणाऱ्यांना ते सोयीचं आहे. मी ब्लॉकमध्ये अडकलो की खोली शांत होते. फोनला वाटतं आवाज कमी पडतोय. तो पातळी चढवत नेतो. पंख्याची घरघर वर येते, फ्रिज वर येतो, रस्त्यावरची रिक्षा घरात आल्यासारखी वाटते. मग शब्द एकदम सुटतो, चढलेल्या पातळीवर जाऊन आदळतो आणि फाटतो. सुरुवातीचं सगळं चित्रीकरण मी तसंच केलं होतं. ऐकायला बसलो, तर माझ्या अडकण्याची जागा पंख्यानं भरून टाकलेली. मी गप्प होतो ते त्यात नव्हतंच.

एच१एनवर ऑटो लेव्हल बंद करायचं, चक्र सहाच्या आसपास ठेवायचं, लिमिटर (एकदम मोठा आलेला आवाज दाबणारी सोय) चालू, आणि बोलण्याची टोकं उणे बारा डेसिबलच्या आसपास राहतील असं बघायचं. तोंडापासून अंतर वीत-दीड वीत. बस. आता शांतता शांततेच्याच पातळीवर राहते. मी यावर घेतलेला पहिला तुकडा हेडफोन लावून ऐकला तेव्हा मला जे ऐकू आलं ते मी आयुष्यात बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. ओठ सुटताना होणारा बारीक चटका. टाळूला जीभ लागून परत येते तो आवाज. श्वास अर्ध्यात थांबतो, थोडा सरकतो, पुन्हा थांबतो. ब्लॉकच्या आत एवढं सगळं चाललेलं असतं. लोकांना ते रिकामं वाटतं, मलाही तसंच वाटत आलं होतं. ती माझी भाषाच आहे आणि ती फिल्ममध्ये यायला हवी, हे मला त्या रात्री या यंत्रामुळे कळलं. पाचपैकी जे काही गुण मी याला देणार आहे, त्यातले तीन एकट्या त्या चक्राचे.

याच्या मेनूत आवाज आला की आपोआप सुरू होण्याची आणि आवाज थांबला की आपोआप बंद होण्याची सोय आहे. माझ्यासारख्यांनी ती बंद ठेवावी. ब्लॉक म्हणजे यंत्राच्या लेखी बोलणं संपलं. त्याउलट प्री-रेकॉर्ड नावाची एक सोय आहे, ती कायम चालू ठेवा. बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंद त्यात धरले जातात. बोलायला लागण्याआधी अंगात जी तयारी चालते, खुर्चीचा करकर आवाज, घेतलेला श्वास, ते सगळं त्या दोन सेकंदांत सापडतं.

मग एक अडचण आली जिच्यासाठी कुठलंही यंत्र पुरत नाही. रात्री सगळे झोपल्यावर, कपाटाचं दार उघडून कपड्यांच्या आडोशाला बसायचो, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही, आणि रेकॉर्डरशी बोलायचो. आपल्या मनातलं एकट्यानं सांगायचं, स्वतःवरच्या फिल्मचा हाच तर रस्ता असं वाटलं होतं. आणि मी सरळ बोललो! एकही ब्लॉक नाही, लांबण नाही. माझ्या तोतरेपणाची कहाणी मी आकाशवाणीवरच्या निवेदकासारखी सांगितली. हे माझ्या एकट्याचं नाही. अडखळणारी माणसं एकटी असताना, कुणी ऐकत नाही याची खात्री असताना, बहुधा अडखळत नाहीत. अडखळणं हे समोरच्या कानाशी बांधलेलं आहे.

तेव्हा कपाट सोडलं आणि भाचीला समोर बसवलं. ती दहावीला.

"मामा, मी मधे काही बोलायचं का?"

"नको. फक्त ऐक. शब्द सुचवायचा नाही. कितीही वेळ लागला तरी."

रेकॉर्डर आमच्या दोघांच्या मधे, घडी घातलेल्या टॉवेलवर. (टॉवेल विसरू नका. हे यंत्र प्लॅस्टिकचं आहे, टेबलावर चमचा ठेवला तरी तो आवाज आत जातो.) मी तिला एसटीची गोष्ट सांगितली. कॉलेजला सांगलीला जायचो. कंडक्टर आला की 'सांगली' म्हणायचं. 'स' निघायचा नाही. मागे रांग, कंडक्टरच्या हातात पंच, आणि सगळी गाडी माझ्याकडे बघतेय. 'जयसिंगपूर' मात्र कसंबसं निघायचं. म्हणून मी जयसिंगपूरचं तिकीट काढायचो, तिथं उतरायचो, आणि पुढं वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीनं, सांगलीला जायचो. वडापवाल्याला काही सांगावं लागत नाही, तोच सांगली सांगली म्हणून ओरडत असतो. घरच्यांना वाटायचं मी सांगलीपर्यंत एसटीनं जातो. वर लागणारे पैसे मी चहाचे म्हणून मागायचो.

हे सांगताना 'सांगली' या शब्दावर मी पुन्हा अडकलो. अकरा सेकंद. भाचीनं नजर हलवली नाही. संकलन करताना तो ब्लॉक कापावा असं दहा जणांनी सांगितलं असतं. मी ठेवला आहे, पुरा. त्या अकरा सेकंदांत पडद्यावर काहीच होत नाही, कानाला मात्र बरंच काही ऐकू येतं. फोनच्या आवाजावर तो ठेवता आला नसता, बघणाऱ्याला वाटलं असतं यंत्र बिघडलं.

सगळ्यात मोलाचं जे काही या रेकॉर्डरनं दिलं, ते आईकडून आलं. आईला फोन समोर धरलेला आवडत नाही. फोन दिसला की ती पदर सारखा करते, आवाज बदलते आणि पुस्तकातलं बोलायला लागते. रेकॉर्डरचं तिला काही वाटलं नाही. दुपारी ती ताटात तांदूळ निवडत बसली होती, मी शेजारी तो मांडून ठेवला, सांगितलं की आवाज घेतोय, लाल दिवा दाखवला. ती बरं म्हणाली आणि खडे काढत राहिली. बऱ्याच वेळानं, मी काही न विचारता, म्हणाली, "तुझा थोरला चुलता, तुज्यासारखाच हुता. आमी समदी त्याला मुका म्हणायचो. त्यो मुका नव्हता रं. त्याला येत हुतं सगळं."

तो चुलता मी लहान असतानाच गेला. त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. घरात त्याच्याबद्दल 'अबोल होता' एवढंच बोललं जायचं. तोतरेपणा पुष्कळदा घराण्यात उतरतो हे मी वाचून होतो, आमच्या घराण्यात कुणीच नाही असं डॉक्टरांना सांगतही होतो. आईला हे सगळं माहीत होतं. "तुला सांगितलं अस्तं तर तू बी गप बसला अस्तास," ती म्हणाली, आणि ताट हलवून तांदूळ एका बाजूला घेतले. ताटात तांदूळ घसरल्याचा तो आवाज तिच्या वाक्याच्या शेवटाला चिकटून आलाय आणि मला तो फार प्रिय आहे. चित्र माझ्याकडे नाही. मी नंतर, तिच्या परवानगीनं, फक्त तिचे हात आणि ताट फोनवर घेतलं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. माणसं विसरून जातात एवढं हे यंत्र छोटं आहे, आणि त्यामुळंच ते धोक्याचं आहे. काही जण लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात. मी चिकटवत नाही. आईला तो सगळा भाग मी हेडफोनवर ऐकवला. चुलत्याच्या लग्नाबद्दलचं एक वाक्य तिनं काढायला सांगितलं. काढलं, मूळ फाइलमधूनही. स्वतःची गोष्ट सांगताना दुसऱ्यांच्या गोष्टी आपल्या हातात येतात. त्यांचं काय करायचं हे ज्यांच्या आहेत त्यांनाच विचारावं लागतं, आणि बोलताना एकदा विचारून भागत नाही, ऐकल्यावर पुन्हा विचारावं लागतं.

आता माग. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. आमच्या अण्णांकडे साधे माग होते, धोट्याचे, खर्चीवर चालायचे, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्हाला विणण्याची मजुरी. आता गावात साधे माग भंगारात जाताहेत, आमचेही गेले. जाण्याआधी मी तिथला आवाज घेतला. मागाच्या कारखान्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. एच१एनचे माइक १२० डेसिबलपर्यंत झेपवतात, त्यामुळं यंत्राला काही होत नाही, फक्त चक्र दोनवर आणावं लागतं आणि ८० हर्ट्झचा लो-कट (खालचे घुमणारे आवाज गाळणारी सोय) चालू करावा लागतो, नाहीतर जमिनीचा हादरा सगळं खाऊन टाकतो. तरीही यातल्या माइकवर अण्णांचं बोलणं मागांच्या खटाखटीत बुडालंच असतं. म्हणून सातशे रुपयांचा कॉलर माइक घेतला. बाजूला साध्या हेडफोनसारखं छिद्र आहे, त्यात तो बसतो आणि लागणारी वीजही त्याला तिथूनच मिळते. रेकॉर्डर अण्णांच्या बनियनच्या खिशात, माइक गळ्याशी. बटण सरकवून होल्ड केलं की खिशात काही दाबलं जाण्याची भीती नाही.

तिथं काय सापडलं ते ऐका. लहानपणापासून मला कारखान्यात जायला आवडायचं आणि का ते कळायचं नाही. मागांच्या आवाजात मी अण्णांशी बोलायचो. ओरडून. सरळ. या वेळी दोन्ही आवाज धरले गेले: "अण्णा, बीम कधी संपंल?" "संध्याकाळी. तू कांड्या बघ." "बघितल्या." माझी दोन्ही वाक्यं मी अडखळल्याशिवाय बोललोय, आणि त्यातलं एक 'ब'नं सुरू होतं, जो माझ्या ओठांवर हमखास अडतो. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानावर नीट पडला नाही की अडखळणाऱ्या पुष्कळ जणांची जीभ सुटते. एके काळी त्यासाठी कानात घों घों आवाज सोडणारी यंत्रंही निघाली होती. आमच्याकडे ते यंत्र शेडमध्ये चोवीस तास चालू होतं. फिल्ममध्ये मी ही दोन वाक्यं मागांसकट ठेवली आहेत आणि लगेच नंतर तीच वाक्यं घरात, शांततेत, मी पुन्हा बोलतो. फरक ऐकणाऱ्याला आपोआप कळतो, निवेदन लागत नाही.

गणपतीतल्या आरतीचंही तसंच. सगळ्यांबरोबर एका सुरात मी कधीच अडत नाही. गल्लीच्या मंडळात रेकॉर्डर हातात धरून घेतलं आणि इथं याची कमजोरी दिसली. हातात धरून चालत नाही. बोट सरकलं तरी करकर येते. मागच्या बाजूला ट्रायपॉडचं छिद्र आहे, त्यात लहान ट्रायपॉड बसवून त्याची दांडी धरायची. झांजांच्या वेळी लिमिटरनं वाचवलं.

स्वतःवरच्या स्वस्त फिल्मचा विषय निघाला की जोनाथन कावेट यांचं नाव येतंच. टेक्ससमध्ये वाढलेल्या या माणसानं आईच्या मानसिक आजाराची आणि स्वतःच्या वाढण्याची फिल्म, 'टार्नेशन', घरातल्या जुन्या सुपर-८ आणि व्हीएचएस चित्रणातून, आन्सरिंग मशीनवरच्या निरोपांतून, अ‍ॅपलच्या संगणकाबरोबर मिळणाऱ्या आयमूव्हीवर जुळवली. खर्च २१८ डॉलर ३२ सेंट. २००४ मध्ये ती सनडान्स आणि कान या चित्रपट महोत्सवांत दाखवली गेली. हा आकडा सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. चित्रपटगृहात लावायच्या वेळी त्यातली गाणी आणि दुसऱ्यांची चित्रं वापरायच्या हक्कांसह खर्च सुमारे चार लाख डॉलरवर गेला. म्हणून माझा आग्रह आहे: आवाज घेताना घरातला टीव्ही बंद करा. स्वयंपाकघरात मालिकेचं शीर्षकगीत वाजत असेल आणि त्यावर आई तिच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगत असेल, तर ते गाणं तिच्या वाक्यापासून वेगळं काढता येत नाही. रेकॉर्डर चालू करण्याआधी मी टीव्ही, फ्रिज आणि पंखा या क्रमानं बंद करतो, आणि फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून मोटारसायकलची किल्ली फ्रिजवर ठेवतो.

आणखी एक नाव मला धीर देतं. १९८७ साली फिशर-प्राइसनं मुलांसाठी पीएक्सएल-२००० नावाचा खेळण्यातला कॅमेरा काढला, जो चित्र आणि आवाज साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवायचा. चित्र इतकं भरड की चेहरा अगदी जवळ आणल्याशिवाय काही दिसायचं नाही. सेडी बेनिंग यांना तो वडिलांकडून मिळाला, आणि किशोरवयात, मिलवॉकीच्या आपल्या खोलीत, त्यांनी त्यावर स्वतःबद्दलच्या छोट्या फिल्म केल्या. त्या भरडपणामुळे जवळ जावं लागलं, आणि जवळ गेल्यामुळे जे सांगायचं ते सांगता आलं. माझ्या रेकॉर्डरलाही वीतभर अंतरच लागतं. लांबून धरलं आणि चक्र आठ-नऊवर नेलं की यंत्राची स्वतःची सूं सूं ऐकू यायला लागते. शांत खोलीत हळू बोलणाऱ्या माणसासाठी ही त्रुटी खरी आहे. महागड्या यंत्रात ती कमी असते. पण जवळ बसायला पैसे लागत नाहीत.

फोनच्या चित्राशी आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवतो. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत आवाजाच्या लाटा बघून जुळणी आपोआपही होते. दोन्ही घड्याळं तंतोतंत एक नसल्यानं लांबलचक बोलण्यात शेवटी ओठ आणि शब्द थोडे सुटतात. मी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा टाळी वाजवतो आणि तुकडा तिथं तोडतो. माइक स्टिरिओ आहेत, त्यामुळं बोलणाऱ्यानं मान हलवली की आवाज या कानातून त्या कानात जातो. एकट्या माणसाचं बोलणं असेल तर संकलनात मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, करून टाका.

बाकी खोड्या. वारा याला अजिबात सोसत नाही, गच्चीवर घेतलेलं एक बोलणं साध्या झुळकेनं गेलं. फोमची टोपी पुरत नाही, लांब केसांची लागते. मी शिंप्याकडून नकली फरच्या कापडाची शिवून घेतली आणि ती उत्तम चालते. यूएसबी जुन्या पद्धतीचं, मायक्रो. मोठं कार्ड घातलं की सुरू व्हायला वेळ लागतो, आणि आई तेवढ्यात बोलून मोकळी होते. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचं चिन्ह चुकीचं सांगतं. पाठीमागचा स्पीकर फक्त आवाज आला की नाही एवढं कळण्यापुरता. ऐकवायचं तर हेडफोनवरच ऐकवा, निदान ज्यांचं बोलणं आहे त्यांना तरी.

२०२४ मध्ये याचाच पुढचा भाऊ आला, एच१एसेन्शियल. तो ३२-बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतो. म्हणजे पातळी ठरवायचीच नाही, कुजबुज आणि किंकाळी दोन्ही नंतर सावरता येतात. यूएसबी-सी आहे. नवंच घ्यायचं असेल आणि पैसे असतील तर सरळ तो घ्या. माझ्या कामालाही तो चालेल, कारण तोही शांततेत स्वतःहून काही भरत नाही. मी मात्र बदलणार नाही. बोलण्याआधी चक्रावर बोट ठेवून आकडा बघण्याची मला सवय झालीय, तेवढ्यात श्वासही जागेवर येतो.

गुण पाचपैकी चार. एक हातात धरल्यावरच्या करकरीसाठी आणि त्या सूं सूं साठी कापला.

वापरलेला घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर एवढं करून बघा. हेडफोन लावून चक्र हळूहळू १ ते १० फिरवा. मधे खर्रर्र आवाज आला तर आत धूळ गेली आहे, घेऊ नका. डाव्या माइकसमोर आणि उजव्या माइकसमोर बोटांनी चुटकी वाजवा, दोन्ही कानांत सारखी यायला हवी. सेलचं झाकण काढून स्प्रिंगवर हिरवा थर आहे का बघा. कॉलर माइक सोबत न्या आणि तो छिद्रात हलवून बघा, आवाज तुटत असेल तर ते छिद्र ढिलं झालंय. आणि घासाघीस करताना अडखळलात तर अडखळा. मी पुण्याच्या त्या मुलाकडे 'पाच' म्हणायला गेलो, 'प'वर अडकलो, आणि तोच कंटाळून साडेचारवर आला.